बदलीवर आलेला ट्रान्झिस्टर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काहीतरी सांगू, अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही सांगितले की, विजेच्या गिटारला जो ॲम्प्लिफायर लावतात, त्यातला काचेचा व्हॉल्व्ह काढून त्या जागी ट्रान्झिस्टर बसविण्याचा जो उद्योग गेली साठ वर्षे चालला आहे, त्यावर बोलू. चिटणीस जरा थबकले. पण भले गृहस्थ, त्यांनी पत्रिकेत तसेच छापले. आम्ही कोणत्याही तंत्रविद्यालयाची पदवी घेतलेली नाही. जे शिकलो ते रद्दीच्या दुकानांतून आणलेल्या पुस्तकांतून आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या बाकड्यापाशी बसून. संघटनेच्या कामात ऑर्केस्ट्रातले वादक भेटतात, लाउडस्पीकरवाले भेटतात. त्यांच्या पेट्या उघडून पाहण्याचा नाद तेथूनच लागला. पाहता पाहता ध्यानात आले की, हा विषय आमच्या नेहमीच्या विषयापासून फारसा दूर नाही.

मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा ‘बदली’ नावाचा एक कामगार असे. सकाळी तो फाटकापाशी उभा राही. कायम कामगाराचा खाडा झाला की त्याच्या मागावर ह्याला पाठवीत. मजुरी त्या दिवसापुरती. मालकाच्या हिशेबी माणसाच्या जागी माणूस आला, काम भागले. परंतु प्रत्येक मागाच्या काही खोडी असतात आणि त्या कायमवाल्याच्या हाताला ठाऊक असतात, हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असे. व्हॉल्व्हच्या जागी आलेला ट्रान्झिस्टर हा असाच बदलीवर आलेला गडी आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. बदलीवाल्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. विचारावयाचे ते एवढेच की, आधीचा जो गेला तो त्या जागेवर नेमके काय करीत होता, ह्याची चौकशी कोणी केली होती काय?

व्हॉल्व्ह म्हणजे काय ते आधी पाहू. पाठ्यपुस्तकांत त्याला निर्वात नलिका म्हणतात. दुकानात जाऊन ते नाव सांगितले तर कोणी नळाचे सामान काढून देईल. हवा काढून घेतलेली काचेची कुपी; आत एक तापणारा भाग, त्याभोवती तारेची जाळी आणि सर्वांबाहेर धातूची प्लेट. तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन सुटतात व प्लेटकडे धावतात. मधल्या जाळीवरचा विजेचा दाब किंचित कमीजास्त केला की ही धाव पुष्कळ कमीजास्त होते. गिटारच्या तारांखालच्या चुंबकाभोवती जी गुंडाळी असते, तिच्यातून येणारी दुबळी लहर जाळीवर सोडायची आणि तिची मोठी प्रत प्लेटवरून घ्यायची, एवढीच किमया. इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ साली दोन भागांची नळी केली. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली तीत तिसरा भाग घातला. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये सर्वांत अधिक आढळणारी नळी म्हणजे १२एएक्स७. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात, आणि ह्या नावात अर्थ आहे: ई म्हणजे ६.३ व्होल्टचे फिलामेंट, दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि आकड्यातला ८ म्हणजे नऊ पायांची छोटी बैठक. नुसते हे फिलामेंट तापविण्यात जवळजवळ २ वॅट जातात. मोठ्या ईएल३४ नळीचे फिलामेंट ९ वॅटच्या वर खाते, आणि १०० वॅटच्या मार्शल ॲम्प्लिफायरमध्ये अशा चार नळ्या बसतात. म्हणजे पहिला स्वर निघण्यापूर्वीच चाळीसएक वॅटची शेगडी पेटलेली!

तेव्हा डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन ह्यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, त्यानंतर व्हॉल्व्हचे दिवस भरले हे उघड होते. एनिआक नावाच्या गणकयंत्रात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि ते सतत जळत. त्या जागी ट्रान्झिस्टर आले त्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत. रेडिओतून व्हॉल्व्ह गेला, तेव्हाही नाही. आपल्याकडे तर लोकांनी नव्या रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणावयास सुरुवात केली. शेतकऱ्याच्या बांधावर आणि न्हाव्याच्या दुकानात तो पोहोचला. हे चांगलेच झाले. मग गिटारच्या ॲम्प्लिफायरपाशीच घोडे का अडले?

रेडिओचे काम, आत आले ते जसेच्या तसे बाहेर देणे. गिटारचा ॲम्प्लिफायर करणाऱ्यांचाही आरंभी तोच हेतू होता. लिओ फेंडर ह्यांना स्वच्छ आवाज हवा होता. परंतु वाजविणाऱ्या पोरांनी बटण शेवटापर्यंत पिळले. पेटीच्या ताकदीबाहेर आवाज मागितला की लहरीचा माथा वर आपटतो व चेपतो. अभियंत्याच्या भाषेत ही विकृती. वादकाला मात्र तीत स्वर लांबताना, दाटताना, जवळजवळ माणसाच्या गळ्यासारखा होताना ऐकू आला. १९६० नंतरच्या दशकात जिमी हेंड्रिक्सपर्यंत जे संगीत झाले ते ह्या ‘दोषा’वर उभे आहे. यंत्र वापरणाऱ्याने यंत्राचा असा उपयोग काढला, जो यंत्र करणाराच्या मनात नव्हता. कारखान्यांत आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. तेथे मात्र त्याबद्दल समज देण्याचे पत्र मिळते.

आता चेपण्याचेही प्रकार आहेत. व्हॉल्व्हच्या पेटीत लहरीचा माथा हळूहळू गोल होत जातो. हळू छेडले तर स्वच्छ, जरा जोर दिला तर किंचित खरखरीत, आणखी जोर दिला तर पूर्ण दाट. सगळा कारभार उजव्या हाताच्या जोरावर. त्या काळच्या ट्रान्झिस्टरच्या पेटीत शेवटच्या कणापर्यंत आवाज निर्मळ राही आणि मग एकाएकी सुरीने कापल्यासारखा माथा उडे. हे कानाला बोचते. १९७३ साली रसेल हॅम नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने ह्यावर एक गाजलेला निबंध लिहिला आणि तेव्हापासून ‘व्हॉल्व्ह सम हार्मॉनिक देतो, ट्रान्झिस्टर विषम देतो’ हे वाक्य मंत्रासारखे म्हटले जाते. ह्या मंत्राविषयी आमचा आक्षेप आहे. हॅमने तपासले ते ध्वनिमुद्रणशाळेतील मायक्रोफोनचे ॲम्प्लिफायर, गिटारचे नव्हेत. शिवाय मोठ्या गिटार ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात नळ्या जोडीने, एक ओढते तर दुसरी ढकलते, अशा लावलेल्या असतात. ह्या रचनेत त्या टप्प्यात निर्माण होणारे सम हार्मॉनिक बव्हंशी एकमेकांना खाऊन टाकतात. तरीही तोच टप्पा लोकांना गोड लागतो. तेव्हा कारण इतके सोपे नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे कारणे निदान तीन आहेत आणि ती एकत्र नांदतात. चेपण्याची रीत हे पहिले. दुसरे म्हणजे व्हॉल्व्हची पेटी लाउडस्पीकरला घट्ट धरून ठेवीत नाही. स्पीकरचा कागद आपल्या स्वभावाने जेथे अधिक थरथरतो तेथे ती त्याला थोडी मोकळीक देते. ट्रान्झिस्टरची साधी पेटी त्याचा कान पकडून ठेवते. तिसरे कारण वीजपुरवठ्यातले आहे. जोराने छेडताच पेटीतला दाब क्षणभर बसतो आणि पुन्हा उठतो. वादकाला बोटांखाली काहीतरी लवचिक आहे असे वाटते. ह्यांपैकी पहिले एकच कारण धरून बदली शोधली तर उरलेली दोन कामे बिनमाणसाची राहतात.

हे न पाहता बदल केला की काय होते त्याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे आहे. तेथे फेंडरचा कारखाना. आतले जोडकाम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया. त्यांत मेक्सिकन वंशाच्या पुष्कळ. जोडणी संपली की चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपले नाव लिहून तो त्या पत्र्याच्या चेसीत आतून लावीत. जुनी पेटी उघडली तर आजही ती पट्टी सापडते. जानेवारी १९६५ मध्ये हा कारखाना सीबीएस ह्या नभोवाणी कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला घेतला. १९६६ साली नव्या मालकांनी ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर बाजारात आणले. रूप आधुनिक, जाहिरात जोरदार. पण ट्रान्झिस्टर जळू लागले, पेट्या परत येऊ लागल्या आणि १९७१ च्या सुमारास तो माल गुंडाळावा लागला. ह्या प्रकरणातला एक माणूस आम्हांला महत्त्वाचा वाटतो. फॉरेस्ट व्हाइट हे तेथील उत्पादन सांभाळणारे वरिष्ठ अधिकारी. ह्या मालाला आपली संमती देण्यापेक्षा त्यांनी नोकरी सोडली. व्यवस्थापनातील माणसाची स्तुती आमच्या तोंडून आपण क्वचितच ऐकाल. परंतु ‘हा माल बरोबर नाही’ म्हणून पगारावर पाणी सोडणारा माणूस, मग तो कोणत्याही बाजूचा असो, रोज भेटत नाही.

ह्यावरून ट्रान्झिस्टर नालायक असा निष्कर्ष काढणारे आहेत. त्यांना उत्तर जपानने दिले. रोलंड कंपनीचा जेसी-१२० हा ॲम्प्लिफायर १९७५ साली निघाला. त्यात एकही व्हॉल्व्ह नाही. त्याने व्हॉल्व्हची नक्कल करण्याचा आव आणला नाही. स्वच्छ, थंड, झुळझुळता आवाज हेच आपले काम मानले, आणि जगभर त्याला मान मिळाला. ज्याला स्वतःची जागा मिळाली तो बदली राहत नाही, कायम होतो.

परंतु आपला विषय जुन्या पेटीतली नळी उपटून त्याच सॉकेटमध्ये दुसरे काही बसविण्याचा आहे. त्याकडे वळू.

सर्वांत सोपी बदली रेक्टिफायरची. घरातली उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वाहू देणे, एवढेच ह्या नळीचे काम. आवाज तिच्यातून जातच नाही. तिच्या जागी चार आण्यांचे (जुन्या हिशेबाने म्हणतो) सिलिकॉन डायोड बसतात. मार्शलने आपल्या जेटीएम४५ नमुन्यात आरंभी जीझेड३४ ही नळी वापरली होती. १९६६ च्या सुमारास ती काढून डायोड घातले. मग भांडण कसले? नळीत दाबाचा काही भाग खर्ची पडतो: जीझेड३४ मध्ये १५ ते २० व्होल्ट, काही जुन्या जातींत ५० च्या आसपास. डायोडमध्ये पडतो जेमतेम १ व्होल्ट. म्हणजे डायोड बसविताच पुढच्या सगळ्या नळ्यांवर दाब चढतो. जुने कंडेन्सर त्या दाबाचे नसतात, शेवटच्या नळ्या लाल होतात. शिवाय जीझेड३४ सावकाश तापते, म्हणून दाबही सावकाश चढतो. डायोड बटण दाबताक्षणी पूर्ण दाब सोडतो, तेव्हा बाकीच्या नळ्या अजून थंडच असतात. आणि तो मघाचा लवचिकपणा पुष्कळसा जातो. म्हणून चांगल्या तयार नगात डायोडबरोबर मुद्दाम एक रेझिस्टन्स घातलेला असतो. मात्र एका नळीच्या छोट्या घरगुती पेटीत प्रवाह जवळजवळ स्थिरच असतो. तेथे कोणी डायोडमुळे लवचिकपणा गेला म्हणून गळा काढला तर ते आम्ही मनावर घेणार नाही.

दुसरी बदली आरंभीच्या छोट्या नळीची, म्हणजे १२एएक्स७ ची. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेतील टेलिडाइन कंपनीने फेट्रॉन नावाचा नग काढला. धातूच्या डबीत दोन फेट जातीचे ट्रान्झिस्टर एकावर एक रचून, खाली व्हॉल्व्हचेच पाय. तो केला होता टेलिफोन कंपन्यांसाठी. त्यांच्याकडे हजारो नळ्या दिवसरात्र तापत होत्या आणि यंत्रणा मोडून नवी घालणे परवडत नव्हते. मेसा बूगीच्या रँडल स्मिथ ह्यांनी तोच नग गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये घातला, कारण त्यांच्या पेटीत टप्प्यावर टप्पे चढवून आवाज इतका वाढविलेला असे की, पहिल्या नळीची काच स्वतःच थरथरून शीळ घाली. फेट्रॉनला काच नाही, शीळ नाही. आणि तरी त्यांनी काही पेट्यांत खटका ठेवला: एका बाजूला फेट्रॉन, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह; वादकाने आपल्या कानाने ठरवावे. नवा गडी घेताना जुन्याला फाटकाबाहेर न काढण्याची ही पद्धत आम्हांला फार आवडते.

फेट आणि ट्रायोड ह्यांत एक मूलभूत फरक आहे. ट्रायोडच्या प्लेटवरचा दाब खाली गेला की प्रवाह आपण होऊन कमी होतो. जणू हाताखालच्याची दमछाक पाहून वरचा कामाचा वेग कमी करतो. फेटला ती जाणीव जवळजवळ नाही. प्लेटच्या जागी काय चालले आहे ह्याची फिकीर न करता तो प्रवाह ओढीत राहतो. म्हणून नुसता फेट घातला तर वागणूक ट्रायोडपेक्षा पेंटोड नावाच्या पाच भागांच्या नळीकडे झुकते. ही जाणीव निर्माण करावयाची तर बाहेरून आणखी काही भाग जोडून, प्लेटकडची खबर मागे पाठवावी लागते. आजचे चांगले बदली नग उच्च दाब सोसणाऱ्या मॉसफेटच्या साह्याने हे करतात, आणि पडद्याआड बसून ऐकले तर ओळखणे कठीण, असे आमचे मत झाले आहे. २०१५ साली कोर्ग आणि नोरिटाके ह्या जपानी मंडळींनी तर वेगळीच वाट काढली: आकडे उजळविणाऱ्या काचेच्या पट्टीचे तंत्र वापरून चपटा, थोडक्या विजेवर चालणारा खराखुरा ट्रायोडच केला. पण तो जुन्या सॉकेटमध्ये आपल्याआप बसत नाही.

तिसरी बदली शेवटच्या मोठ्या नळ्यांची. ती करू नये. तेथे दाब, उष्णता, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ह्यांचे एकत्र कुटुंब आहे. एकाला काढले की सगळे घर पुन्हा बांधावे लागते.

येथे आमच्या धंद्याची एक गोष्ट. ह्या पेट्यांत ३०० ते ४५० व्होल्ट, कधी त्याहून अधिक असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते दबा धरून राहतात. दुरुस्तीवाल्या पोराला हे कोणी शिकवीत नाही. त्याला विमा नाही, अपघाताची भरपाई नाही. रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करावा, मीटरने पाहावे, आणि एक हात पाठीमागे ठेवून काम करावे. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी कारागिराला घाई करू नये.

बदलीची चर्चा आज पुन्हा का निघाली, तर नळ्याच मिळेनाशा झाल्या म्हणून. इंग्लंडातील ब्लॅकबर्न येथे मुलार्डचा कारखाना १९३८ साली सुरू झाला. तेथे हजारो लोक, विशेषतः स्त्रिया, भिंगाखाली केसासारख्या तारांच्या जाळ्या जोडीत. आपल्या बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६० नंतरच्या दशकात फिलिप्सच्या धर्तीचे व्हॉल्व्ह होऊ लागले. त्यांवरचे ‘बीईएल’ हे नाव परदेशचे शौकीन आज हौसेने शोधतात. ती सगळी खाती बंद झाली. मुलार्ड हे नाव मात्र पुढे एका अमेरिकन व्यापाऱ्याच्या कंपनीकडे गेले आणि रशियातील साराटोव्ह येथे झालेल्या नळ्यांवर छापले जाऊ लागले. नाव ब्लॅकबर्नचे, हात साराटोव्हचे. गिटारच्या नळ्या करणारे मोठे कारखाने उरले ते बोटांवर मोजण्याइतके: साराटोव्ह, स्लोव्हाकियातील चाड्त्सा, आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ उडाली. माल काही आठवड्यांत पुन्हा निघू लागला, पण जादा जकातीमुळे महाग. हजारो बायांच्या बोटांत असलेले कसब तीस-चाळीस वर्षांत पुसले गेले, आणि ते परत आणणे किती कठीण आहे ते तेव्हा लोकांना कळले.

आता वजनाचे बोलू, कारण त्याबद्दल रसिक बोलत नाहीत. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब व्हॉल्व्हसह सुमारे २९ किलो भरतो. २०१९ साली त्याच कंपनीने त्याच रूपाची, आत एकही व्हॉल्व्ह नसलेली, हिशेबयंत्राच्या आधारे तोच आवाज उभा करणारी पेटी काढली. ती सुमारे १५ किलोची. तीन मजले जिना चढून ती पेटी रंगमंचावर नेणाऱ्या माणसाला विचारा, कोणती बरी. त्याच्या पाठीचे मत आम्ही वादकाच्या कानाच्या मताइतकेच मोलाचे धरतो. ज्याला आवाज पटत असेल त्याने खुशाल हलकी पेटी घ्यावी.

मात्र ज्यांच्याकडे जुनी पेटी आहे आणि तीत बदली नग बसवावयाचा आहे, त्यांनी सॉकेट काढून टाकू नये. नग असा घ्यावा की, तो उपटला आणि व्हॉल्व्ह लावला तर पेटी पूर्वीसारखी चालावी. काढलेली नळी फेकू नये. जुन्या कापडात गुंडाळून पेटीच्याच तळाशी ठेवावी. रेक्टिफायर बदलला असेल तर दाब मोजून पाहावा. आणि फुलर्टनच्या बायांप्रमाणे चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर काय काढले, काय घातले, दाब किती निघाला, तारीख आणि कारागिराचे नाव लिहून तो चेसीत आतून लावावा. पुढे ती पेटी उघडणाऱ्याला आत किती व्होल्ट आहेत ते हात घालण्यापूर्वी कळेल.